दोन वस्त्या, एक मैदान: तेढ असलेल्या गावात कबड्डी स्पर्धा कशी भरवावी

गावात काहीतरी घडतं. मिरवणुकीचा रस्ता, फ्लेक्सवरचा फोटो, पाण्याची पाळी, कुणाचं तरी स्टेटस. दोन वस्त्यांचं बोलणं बंद होतं. मग एखादा चांगल्या मनाचा माणूस म्हणतो, "पोरांची स्पर्धा भरवू, खेळानं माणसं जवळ येतात." पंधरा दिवसांत मंडप उभा राहतो. वरच्या आळीचा एक संघ, खालच्या वस्तीचा एक संघ, आणि अंतिम सामन्याला पोलिसांची गाडी.

असा एक सामना भरवणाऱ्यांत मीही होतो. शेवटच्या चढाईला पाय रेषेला लागला की नाही, यावरून भांडण पेटलं आणि पुढं दोन वर्षं धुमसत राहिलं. मूळ वाद काय होता हे लोक विसरले, ती चढाई मात्र अजून कुणी विसरलेलं नाही. खेळाचा त्यात काही दोष नव्हता, संघ चुकीचे पाडले होते.

ही चूक नेमकी कुठं असते ते उत्तर प्रदेशातल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी वेगवेगळ्या जातींतले १,२६१ तरुण घेतले. त्यांतल्या काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळवलं, बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. कोण कोणाच्या संघात आणि कोण कोणाविरुद्ध, हे चिठ्ठीसारखं नशिबावर सोडलं होतं. एकाच संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांत मात्र एकूण दुरावाच वाढला. खेळ तोच, मैदान तेच, निकाल उलटे.

खालचे टप्पे दोन वस्त्या, ६० खेळाडू आणि ६ संघ धरून लिहिले आहेत. कबड्डी निवडली त्याला कारण आहे. बचाव करताना साखळी धरावी लागते, शेजाऱ्याचा हात हातात घ्यावाच लागतो. मिश्र संघासाठी याहून चांगला खेळ मला माहीत नाही, आणि वस्तीवार संघांसाठी याहून वाईटही नाही.

## टप्पा १: भरवायची की नाही, हे आधी ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात.

गावात नुकतीच मारहाण झाली असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर थांबा. ॲट्रॉसिटीची किंवा दुसरी कुठली फिर्याद चालू असेल तर अधिकच जपा. "पोरं एकत्र खेळतायत, आता केस मागं घ्या" असं फिर्यादीच्या घरी जाऊन सांगणारे लोक हमखास निघतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर दबाव आणायला स्पर्धा वापरली जाणार असेल तर ती न भरवलेली बरी. समितीच्या पहिल्या बैठकीच्या वहीत एक ओळ लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: चालू प्रकरणांशी या स्पर्धेचा संबंध नाही, त्यावर इथं बोलणं होणार नाही.

पाणी, स्मशानभूमीची वाट, गायरान असे वाद कबड्डीनं सुटत नाहीत. ते ग्रामसभेत आणि तहसीलला सोडवायचे. स्पर्धेचं काम एवढंच, की त्या ग्रामसभेत समोर बसलेला माणूस अनोळखी राहू नये.

तपासणी: दोन्ही वस्त्यांतली पाच-पाच घरं फिरा. "तुमचा मुलगा त्यांच्या संघात खेळला तर चालेल का?" असं थेट विचारा. दहापैकी सहा घरांनी नाही म्हटलं तर यंदा स्पर्धा नको, आधी घरोघर बोलणं वाढवा.

## टप्पा २: समिती, कामांच्या जोड्या आणि तारखा

समिती सहा जणांची: तीन या वस्तीतले, तीन त्या. त्यात किमान दोन बाया हव्यात, नावापुरत्या नव्हे. येत्या निवडणुकीला उभं राहणारा समितीत नको. त्याला बाहेर ठेवताना वाईटपणा येतो, तो पहिल्याच दिवशी घेऊन टाका.

प्रत्येक काम जोडीला द्या, जोडीतला एक इकडचा, एक तिकडचा. मैदानाची जोडी, हिशोबाची जोडी, पाण्याची जोडी, पंचांची जोडी. "तुम्ही मैदान बघा, आम्ही जेवण बघतो" अशी वाटणी झाली की तेढ समितीतच शिरली म्हणून समजा.

तारखा उलट्या बाजूनं मोजा. समिती आणि परवानग्यांना दोन आठवडे, नोंदणी आणि चिठ्ठ्यांना एक, सरावाला तीन, साखळी सामन्यांचे पाच रविवार आणि अंतिम सामन्याचा एक रविवार. सगळे मिळून १२ आठवडे. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केली तर जानेवारीअखेर आवरतं आणि परीक्षेआधी पोरं मोकळी होतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या अंदाजावर राहू नका. जयंत्या, ऊरूस, जत्रा, मिरवणुकीचे दिवस आणि त्यांच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन दिवस मोकळे सोडा. सुगीचा आठवडा शेतकऱ्याला विचारून ठरवा, कॅलेंडर बघून नव्हे.

मैदानासाठी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद. खरं तर साध्या शिट्टीवर आणि पाटीवर काम भागतं. डीजे तर अजिबात नको. कुठलं गाणं कुणासाठी लावलं, हा वेगळा सामना होऊन बसतो.

सावधान: मैदान एका वस्तीच्या दारात असेल तर दुसऱ्या वस्तीचे पाहुणे होतात. शाळेचं पटांगण उत्तम. तेही एका बाजूला असेल तर सराव आलटून-पालटून दोन्हीकडे ठेवा.

## टप्पा ३: पैसा, रंग आणि नावं

रोख बक्षीस ठेवू नका. रोख आलं की बाहेरगावचे खेळाडू येतात, पैजा लागतात, आणि पंचाच्या प्रत्येक निर्णयाला किंमत चिकटते. प्रत्येक खेळाडूकडून समान वर्गणी घ्या. आम्ही ५० रुपये ठेवले होते. एकाच दात्यानं सगळा खर्च उचलतो म्हटलं तर आभार मानून नकार द्या, त्याचा फ्लेक्स मैदानाहून मोठा असतो. हिशोब शाळेच्या फळ्यावर दर रविवारी खडूनं लिहा.

आता रंग. नवखे आयोजक इथं हमखास अडकतात. टी-शर्ट घ्यायला गेलात की दुकानदार आधी भगवा, हिरवा आणि निळा काढून ठेवतो, कारण तेच खपतात. तिन्ही परत करा. पिवळ्याचाही आपल्याकडे अर्थ निघतो. उरले राखाडी, जांभळा, मरून, गुलाबी, पांढरा आणि काळा. बरोबर सहा. गुलाबी कुणाला नको असतो, पण चिठ्ठीत ज्याला येईल त्यानं तो घालायचा. आमच्याकडे गुलाबी संघच पहिला आला आणि पुढच्या वर्षी त्यावरून ओढाताण झाली, हे जाता जाता सांगतो.

नावांना राजे, संत, देव, नेते नकोत. हरलेल्या संघाचं नाव महापुरुषाचं असलं तर "अमुक हरले" हे वाक्यच भांडणाला पुरतं. झाडांची नावं द्या: बाभूळ, करवंद, जांभूळ, चिंच, बोर, आवळा. ओरडायला सोपी आहेत आणि बाभळीवरून कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

## टप्पा ४: नोंदणी आणि चिठ्ठ्या

सगळ्या स्पर्धेचा खुंटा इथं रोवला जातो. घाई करू नका.

४.१ नोंदणी. अर्जावर चारच गोष्टी विचारा: नाव, वय, वस्ती आणि चढाई करतो की पकड. जात-धर्माचा रकाना नको. वस्ती कळली की पुरे. वजन धान्याच्या दुकानातल्या काट्यावर सगळ्यांसमोर करा आणि एक कमाल मर्यादा ठेवा. मर्यादेवर एक किलो भरलेल्यालाही घरी पाठवा, मग तो समितीतल्या कुणाचा भाचा का असेना. १८ खालच्या मुलांसाठी पालकांची सही घ्या. वडिलांबरोबर आईलाही विचारा, कारण सरावाला पाठवायचं की नाही हे पुष्कळ घरांत तीच ठरवते.

४.२ प्रतवारी. प्रत्येक वस्तीतून ३० खेळाडू हवेत: १२ चढाईपटू, १२ पकडीचे आणि ६ नवखे. प्रतवारी दोन जुने खेळाडू करतील, एकेका वस्तीतला एक. कुणाला कुठल्या गटात टाकलं यावर कुरबुर होणारच. ती आत्ताच होऊ द्या, सामन्यात झाली तर जड जाते.

४.३ मडकी. सहा मडकी मांडा. इकडचे चढाईपटू, पकडीचे, नवखे, आणि तिकडचे तसेच तीन. प्रत्येक संघासाठी चढाईच्या दोन्ही मडक्यांतून दोन-दोन चिठ्ठ्या, पकडीच्या दोन्ही मडक्यांतून दोन-दोन, नवख्यांतून एक-एक. म्हणजे संघात १० जण, पाच या वस्तीचे, पाच त्या. चिठ्ठ्या शाळेतल्या लहान मुलींनी काढाव्यात, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत.

४.४ अदलाबदल नाही. चिठ्ठी निघाल्यावर एखादा येऊन म्हणेल, "दादा, मला माझ्या दोस्ताच्या संघात टाका." एकाला हो म्हटलंत की तासाभरात सहाही संघ वस्तीवार होतात, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सख्खे भाऊ वेगळ्या संघात गेले तरी चालतील. खरं तर उत्तम, घरात दोन रंगांचे टी-शर्ट वाळत पडतात.

सावधान: हल्ली गावोगाव खेळाडूंचा लिलाव करायची टूम आहे. इथं तो नको. बोली लावणारा आपल्याच वस्तीचे गोळा करतो, आणि जो शेवटी कमी बोलीवर गेला त्याच्या मनात ते राहतं.

तपासणी: रात्री याद्या वाचा. एखाद्या संघात पाच-पाच नसतील तर चिठ्ठ्या पुन्हा काढा, हातानं दुरुस्ती नको.

## टप्पा ५: सराव

लोक सामन्याचा विचार करतात आणि सराव खेळाडूंवर सोडून देतात. पण मैत्री होते ती सरावात. सामना ४० मिनिटांत आटोपतो. तीन आठवडे आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानात उतरलं की गुडघा सोलवटल्यावर हळद लावायला कोण धावतो हे कळतं.

पहिल्या दिवशी खेळ लावू नका, मैदान करायला लावा. खडे वेचणं, माती चाळणं, पाणी मारणं, धुमसानं चोपणं, दोरी ताणून फक्की मारणं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आणि तिच्या पुढं एक मीटरवर बोनस रेषा. माप घेताना दोरीचं एक टोक इकडच्याच्या हातात, दुसरं तिकडच्याच्या. मोजताना दोघंही तिथं असले की पुढं "रेषाच वाकडी होती" असं कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवसापासून साखळीचा सराव. कोपऱ्यात इकडचा असेल तर त्याच्या शेजारी तिकडचा, हा क्रम ठरवूनच टाका. पहिले एक-दोन दिवस पोरं मनगट सैल धरतात. त्यावर भाषण देऊ नका. चढाईपटू सैल साखळीतून दोनदा सुटून गेला की मनगटं आपोआप घट्ट होतात.

संघनायक एका वस्तीचा, उपनायक दुसऱ्या. तिसऱ्या साखळी सामन्यापासून अदलाबदल. पाण्याचा माठ एकच, पेला एकच, आणि तो पहिल्या दिवसापासून. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर एकत्र पाणी पिऊन फोटो काढण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच ते करायचं. कुणी घरून बाटली आणली तर टोकू नका, फक्त किती दिवस आणतो ते लक्षात ठेवा.

तपासणी: प्रत्येक संघाची हजेरी वस्तीनुसार बघा. एका वस्तीची पोरं गळू लागली तर सामने पुढं ढकला आणि घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा कारण मोठं नसतं: सरावाची वेळ दुधाच्या वेळेवर येते, किंवा परतीच्या वाटेवर कुणीतरी टोमणा मारलेला असतो. दुसऱ्या कारणासाठी संघानं एकत्र घरापर्यंत सोडायला जावं.

## टप्पा ६: सामन्याचे नियम

सहा संघांची साखळी म्हणजे १५ सामने. दर रविवारी तीन, म्हणजे प्रत्येक संघ आठवड्याला एकदा खेळतो. १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती पुरते. नेहमीच्या नियमांत हे चार गावठी नियम घाला आणि मैदानावर फळा लावून लिहा:

१. सुरुवातीच्या सातांत एका वस्तीचे चारपेक्षा जास्त नकोत.

२. एकाच खेळाडूनं सलग दोन चढाया करायच्या नाहीत. नाहीतर सगळा संघ एका भरवशाच्या चढाईपटूकडे बघत उभा राहतो.

३. पंचांशी फक्त संघनायक बोलेल.

४. घोषणा फक्त संघाच्या नावाच्या. देवाची, जातीची, नेत्याची घोषणा झाली की खेळ थांबतो, आणि ओरडणारा मैदानाबाहेर जाईपर्यंत सुरू होत नाही.

पंच बाहेरच्या तालुक्यातून आणा आणि त्यांचं मानधन आधीच द्या. गुणलेखक मात्र दोन ठेवा, एकेका वस्तीचा, एकाच बाकावर. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुढची चढाई नाही. हिरवं कार्ड ताकीद, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. ही कार्डं पंचांना मोकळ्या हातानं वापरू द्या.

सामन्याआधी आणि नंतर दोन्ही संघांना पाच-पाच मिनिटं गोल बसवा. ही रीत फुटबॉलवाल्यांची. १९९४ मध्ये फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार यांची कोलंबियातल्या मेडेलिन शहरात हत्या झाली. त्यानंतर तिथल्या वस्त्यांत असा फुटबॉल सुरू झाला की आधी नियम एकत्र ठरवायचे, मग खेळायचं, मग बसून कोण सचोटीनं खेळलं ते ठरवायचं. ते पंचांशिवाय खेळतात. कबड्डीत ते धाडस नको, पण शेवटची बैठक जरूर घ्या. प्रत्येक संघानं समोरच्या संघातल्या एका खेळाडूचं नाव घ्यायचं आणि त्यानं काय चांगलं केलं ते एका वाक्यात सांगायचं. पहिल्या रविवारी पोरं लाजून "सगळेच चांगले खेळले" म्हणतात. ते चालवून घेऊ नका, नाव घ्यायला लावा.

दुखापतीसाठी बर्फ, पट्ट्या आणि एक गाडी तयार ठेवा. १०८ क्रमांक फळ्यावर लिहा.

## टप्पा ७: प्रेक्षक, मोबाइल आणि जेवण

वाद हल्ली मैदानात कमी आणि रात्री स्टेटसवर जास्त होतात. दहा सेकंदांचा तुकडा कापून कुणीतरी वर ओळ टाकतो आणि सकाळपर्यंत तो तुकडा तालुक्यात फिरतो. सामन्याचं चित्रण दोनच फोनवरून, दोन वस्त्यांतल्या दोघांनी करायचं. दोघांनी पाहिल्याशिवाय बाहेर काही जाणार नाही. बाकीच्यांना फोन बंद करायला लावणं जमत नाही, पण पूर्ण चित्रण जवळ असलं की कापलेला तुकडा लगेच उघडा पाडता येतो.

बसण्याची जागा संघाप्रमाणे लावा: जांभूळवाले इकडं, चिंचवाले तिकडं. त्यामुळं दोन्ही वस्त्यांतले आईबाप आपोआप शेजारी येतात. बायांसाठी पुढची जागा दोरी लावून राखा.

खाणं साधं आणि शाकाहारी: पोहे, किंवा खिचडी. एकादशी आली तर साबुदाणा वेगळा ठेवा. शिजवायला दोन्हीकडच्या बाया, पातेलं एक. "आम्ही आमचं करून आणतो" असं कुणी म्हटलं तर तिथं अडा. शक्य नसेल तर जेवण रद्द करून शेंगदाणे-गूळ वाटा. दोन पंगती बसण्यापेक्षा पंगत नसलेली बरी.

उद्घाटनाला नारळ फोडायचा की नाही यावर एक अख्खी बैठक जाऊ शकते. आम्ही तो वाद टाळला. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माजी खेळाडूला पहिली चढाई करायला लावली. मामा धोतर खोचून, काठी बाजूला ठेवून "कबड्डी, कबड्डी" करत गेले आणि सात जणांनी त्यांना अलगद धरलं.

## टप्पा ८: भांडण झालंच तर

झालंच तर ही क्रमवारी. पंच शिट्टी वाजवतील. दोन्ही संघ आपापल्या अंगणात खाली बसतील. उभा माणूस हात उचलतो, बसलेला सहसा नाही. नायक-उपनायक पंचांकडे जातील. प्रेक्षक आत आले तर सामना त्याच क्षणी संपला, गुण समान. समितीतली जोडी दोघं मिळून भांडणाऱ्यांच्या घरी त्याच रात्री जाईल, सकाळची वाट बघणार नाही. मारहाण झाली तर ११२, आणि "गावातल्या गावात मिटवू" म्हणत बसू नका.

## टप्पा ९: मुलींची साखळी

ती वेगळी आणि समांतर ठेवा, मैदान १२ बाय ८ मीटर. सरावाची वेळ अंधार पडण्याआधीची, कपडे बदलायला शाळेची बंद खोली, आणि सोबत एक बाई कायम. मडक्यांची पद्धत तीच. मुलींना सोडायला-न्यायला आलेल्या आया तास-तास कडेला बसतात. त्यांच्यासाठी चटई टाका आणि त्यांच्यात जाऊन काही आयोजित करू नका.

## टप्पा १०: संपल्यानंतर

सहा महिन्यांनी पुन्हा त्या दहा घरी जा. मुलाच्या संघातला कुणी दुसऱ्या वस्तीतला घरी आला होता का? लग्नपत्रिका गेली का? अडीअडचणीला मोटारसायकल मागितली का? उत्तरं आकड्यांत लिहा.

एक अपेक्षा मात्र आवरा. इराकमध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासक सलमा मौसा यांनी ख्रिस्ती फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घालून पाहिले. संघातल्या मुस्लिम सोबत्यांशी ख्रिस्ती खेळाडूंची वागणूक बरीच बदलली, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी माणसांपर्यंत हा बदल फारसा पोहोचला नाही. तुमच्याकडेही तेच होईल. ओळख झाली ती नऊ जणांशी, अख्ख्या वस्तीशी नव्हे. म्हणून पुढच्या वर्षी संघ मोडावे लागतात.

पोरं नको म्हणतात. अंतिम सामन्याच्या रात्री चार-पाच जण हमखास येतात, दोन्ही वस्त्यांतले, एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले. "दादा, आमचा संघ असाच ठेवा ना, आता कुठं साखळी जमलीय." त्यांना बसवा, खिचडी द्या, आणि सहा मडकी जपून ठेवायला त्यांच्याच हातात सोपवा.